ईएस-डीईमधली कलेक्शन: अर्धी रिकामी का होतात आणि मुळात कशी लावावीत

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: जुन्या लॅपटॉपवर लिनक्स टाकून ईएस-डीई (जुने गेम यादीतून निवडून उघडायचा फ्रंटएंड, म्हणजे पडद्यावरचा मेनू) बसवलंय, एचडीएमआय केबलनं टीव्हीला जोडलंय, दोन यूएसबी कंट्रोलर आहेत. डिस्कवर वर्षानुवर्षं जमत गेलेल्या गेमच्या साडेचार हजारांच्या आसपास फाइली. घरात आठ आणि बारा वर्षांची मुलं, दिवाळीत भाऊ यायचा आहे. मागे सहा-सात कस्टम कलेक्शन केली होती, मध्यंतरी फाइलींची नावं नीटनेटकी केली आणि आता त्यातली अर्धी कलेक्शन रिकामी दिसतात. असं का झालं, आणि परत करायची तर कोणती आणि कशी करावीत?

आधी रिकाम्या कलेक्शनचं बघू, कारण ते एकदा कळलं की पुढचं निम्मं काम सोपं होतं.

कस्टम कलेक्शन म्हणजे नुसती यादी. त्यात गेमची प्रत नसते, शॉर्टकटही नसतो. तुमच्या होम फोल्डरमध्ये ईएस-डीई नावाचा फोल्डर आहे, त्यात कलेक्शन्स नावाचा. तो उघडा. प्रत्येक कलेक्शनची एक छोटी सीएफजी फाइल दिसेल, नावाची सुरुवात 'कस्टम' या शब्दानं. ती साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडा. एका ओळीत एक गेम: आधी टक्केच्या दोन चिन्हांमध्ये रॉमपाथ हा शब्द, मग सिस्टमचा फोल्डर, मग फाइलचं पूर्ण नाव, कंस आणि झिप या शेपटासकट. बस, एवढंच. फ्रंटएंड सुरू होताना प्रत्येक ओळीतली फाइल शोधतो. सापडली तर दाखवतो, नाही सापडली तर ती नोंद दिसत नाही. तुम्ही फाइलीचं नाव बदललंत, ओळीतलं नाव जुनंच राहिलं. लिनक्सवर तर एक अक्षर कॅपिटलचं स्मॉल झालं तरी ती त्याच्या लेखी वेगळी फाइल.

माझ्याबाबतीतही हेच घडलं होतं. अकरा कलेक्शन हातानं लावली होती, कित्येक रविवार त्यात गेले होते, आणि मग एका संध्याकाळी नावं सरसकट बदलणारं टूल चालवलं. दुसऱ्या दिवशी वडिलांच्या कलेक्शनमध्ये तीन गेम उरले होते. फार वाईट वाटलं. पण याद्या नष्ट झालेल्या नव्हत्या, आणि तुमच्याही झालेल्या नसाव्यात. फ्रंटएंड बंद करा, अख्खा कलेक्शन्स फोल्डर दुसरीकडे कॉपी करा, मगच फाइल उघडा. ही कॉपी टाळू नका: फ्रंटएंड यादी नव्यानं लिहितो तेव्हा न सापडलेल्या ओळी तो ठेवेलच असं धरून चालू नये. मेनूत अनाथ नोंदी साफ करायचं साधन असेल तर त्यालाही दुरुस्ती होईपर्यंत हात लावू नका. आता नावांत नेमकं काय बदललं ते बघा. बहुतेक वेळा जुन्या पद्धतीत कंसातला यू आणि त्यापुढे चौकोनी कंसातलं उद्गारचिन्ह असतं, नव्या पद्धतीत त्या जागी कंसात यूएसए. एडिटरच्या शोधा-आणि-बदला सोयीनं एका फटक्यात ऐंशी टक्के ओळी जाग्यावर येतात. उरलेल्या दहा-बारा हातानं.

चित्रंही गेली असतील तर कारण तेच. डाउनलोड केलेली कव्हरं आणि व्हिडिओ रॉमच्याच (म्हणजे गेमच्या फाइलीच्याच) नावानं साठवलेले असतात, आणि वर्णन, साल, शेवटचं कधी खेळलात ही माहिती गेमलिस्टच्या एक्सएमएल फाइलीत फाइलनावावरूनच जोडलेली असते. म्हणजे नाव हा इथला पाया आहे. म्हणून क्रम कायम असा ठेवा: आधी फाइली छाटा, मग नावं पक्की करा, मग स्क्रेपर (गेमची चित्रं आणि माहिती उतरवणारं साधन) चालवा, आणि कलेक्शन सगळ्यात शेवटी.

छाटणीबद्दल थोडं सांगतो. साडेचार हजारांत एकाच गेमच्या चार-चार प्रती असणार: अमेरिकी, जपानी, युरोपीय, शिवाय कुणीतरी फेरफार केलेली. एका गेमची एकच प्रत ठेवा. मी शक्यतो अमेरिकी ठेवतो, नसेल तर जपानी. युरोपीय टाळतो, कारण ती पन्नास हर्ट्झच्या टीव्हीसाठी असते आणि कित्येक गेम त्यात मूळ वेगापेक्षा संथ चालतात. कधीकधी गेमच वेगळा निघतो. युरोपात एनईएसवर (निन्टेन्डोचं जुनं गेम यंत्र) 'कॉन्ट्रा' आला तो 'प्रोबोटेक्टर' या नावानं, आणि त्यात माणसांच्या जागी रोबो आहेत. भाऊ कॉन्ट्रा म्हणून उघडेल आणि समोर रोबो धावताना दिसतील. जपानी फॅमिकॉम (एनईएसचंच जपानी रूप) आवृत्ती मात्र ठेवण्यासारखी आहे, तिच्यात मधली दृश्यं आणि नकाशा आहे जो अमेरिकी आवृत्तीत नाही. ही दुसरी प्रत मी जाणूनबुजून ठेवतो.

त्या डिस्कवरच्या गेमांवर हक्क आजही बहुतेकदा कंपन्यांचे आहेत, हेही लक्षात असू द्या. स्वतःच्या कॅसेट आणि सीडींवरून स्वतः काढलेल्या प्रतींपासून सुरुवात करा. मोकळेपणानं वाटलेलेही चांगले गेम आहेत. गेम बॉयसाठी २०१७ साली आलेला 'टोबू टोबू गर्ल' मोफत आहे आणि त्याचा सोर्सही खुला आहे. मामे (MAME) या एम्युलेटरच्या, म्हणजे आर्केडमधल्या जुन्या यंत्रांचे गेम कॉम्प्युटरवर चालवणाऱ्या प्रोग्रामच्या, अधिकृत साइटवर 'रॉबी रोटो'सारखे काही आर्केड गेम हक्कधारकांच्या परवानगीनं ठेवलेले आहेत. मुलांच्या यादीत हे दोन्ही घाला. टोबू टोबू गर्ल आठ वर्षांच्या मुलाला पहिल्या मिनिटात कळतो.

नावं बदलताना आर्केडचा फोल्डर मात्र वगळा. तिथल्या झिपचं नाव म्हणजे एम्युलेटरची ओळखीची खूण असते. कॅपकॉमच्या १९९३ सालच्या 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स'ची झिप फक्त 'डिनो' या नावानं असते. तुम्ही तिला गेमचं पूर्ण नाव दिलंत की गेम उघडणार नाही. निओ-जिओ या आर्केड यंत्राची बायोस झिपही (यंत्र सुरू व्हायला लागणारी फाइल) आपल्या जागी राहू द्या, ती नसेल तर 'किंग ऑफ फायटर्स ९७' आणि 'मेटल स्लग' चालणार नाहीत. दिसणारं नाव हवं तसं ठेवायचं असेल तर फ्रंटएंडमधून ठेवा. गेमवर उभं राहून सिलेक्ट दाबा, मेटाडेटा (गेमची माहिती) एडिटरमध्ये जा, नेम ही ओळ बदला. फाइल तशीच राहते. माझ्याकडे डिनो झिपचं दिसणारं नाव 'मुस्तफा' आहे. आपल्याकडे व्हिडिओ गेम पार्लरमध्ये त्या गेमला दुसरं नाव नव्हतंच. पिवळ्या शर्टातला, धावत येऊन लाथ घालणारा मुस्तफा ज्याला मिळेल तो खूश. मित्र यादीत कॅडिलॅक शोधत नाही, मुस्तफा शोधतो, आणि त्याला तो सापडला पाहिजे.

त्याच एडिटरमध्ये खाली डिलीटचं बटण आहे. ते गेमला कलेक्शनमधून काढण्यासाठी नाही. ते डिस्कवरची फाइलच उडवतं, चित्रांसकट. यादीतून काढायची रीत वेगळी आहे, ती पुढे सांगतो.

आता मुख्य प्रश्न: कोणती कलेक्शन करावीत?

बहुतेक जण 'फायटिंग', 'रेसिंग', 'प्लॅटफॉर्म', 'कॅपकॉम', 'नव्वदचं दशक' असे गठ्ठे करतात. ते करू नका, असं माझं ठाम मत आहे. हे सगळं स्क्रेपरनं आधीच भरलेलं असतं आणि कोणत्याही यादीत सिलेक्ट दाबून फिल्टर लावला की हव्या त्या प्रकारचे गेम समोर येतात. यंत्राला जे आधीच माहीत आहे ते हातानं लिहिण्यात वेळ घालवू नये. बाटोसेरा (जुन्या गेमांसाठीच बनवलेलं तयार लिनक्स) वापरणाऱ्यांना तर तिथे आपोआप भरणारी डायनॅमिक कलेक्शनही मिळतात. हातानं केलेलं कलेक्शन हे फक्त त्या गोष्टीसाठी ठेवा जी तुम्हाला माहीत आहे आणि यंत्राला नाही: या घरात, या टीव्हीसमोर, कोण कोणाबरोबर बसतं, किती वेळ बसतं आणि त्याच्या हाताला काय जमतं.

याचं सगळ्यात चांगलं उदाहरण दोघांच्या गेमचं. स्क्रेपर खेळाडूंची संख्या भरतो, एक ते दोन. त्यावर फिल्टर लावा आणि पाहा. 'सुपर मारिओ ब्रदर्स' येतो, पण त्यात दुसऱ्यानं पहिला मरेपर्यंत हात जोडून बसायचं. 'सर्कस चार्ली' तसाच. 'डबल ड्रॅगन' म्हटलं की सगळ्यांना वाटतं दोघं मिळून मारामारी. आर्केडवर तसंच आहे, पण एनईएसवरच्या पहिल्या 'डबल ड्रॅगन'च्या मुख्य खेळात दोघांनी आळीपाळीनं खेळायचं असतं. एकत्र खेळता येतं ते 'डबल ड्रॅगन २'मध्ये. आकडा सगळ्यांचा तोच, दोन. फरक फक्त खेळलेल्या माणसाला कळतो. म्हणून 'दोघं मिळून' हे कलेक्शन हातानंच करावं लागतं आणि प्रत्येक घरात पहिलं तेच करावं. माझ्या यादीत कॉन्ट्रा, 'बॅटल सिटी' म्हणजे आपला टँक, 'बबल बॉबल', 'स्नो ब्रदर्स', 'आइस क्लाइंबर', 'डबल ड्रॅगन २' आणि मुस्तफा आहेत. आठ आणि बारा वर्षांच्या भावंडांसाठी मी स्नो ब्रदर्स सगळ्यात वर ठेवेन: धाकट्यानं बर्फाचा गोळा करायचा, मोठ्यानं ढकलायचा, कुणालाच कमीपणा वाटत नाही. टँकमध्ये मात्र दोघांच्या गोळ्या एकमेकांना लागतात आणि लागलेला काही क्षण जागीच थिजतो. त्यावरून भांडण होणार हे धरून चाला.

दुसरं कलेक्शन भावासाठी, आणि ते मी 'कॅसेट' म्हणून करतो. नव्वदच्या दशकात आपल्या घरांत खरा निन्टेन्डो फारसा नव्हता. होता तो टीव्ही गेम: मीडिया, सामुराई, लिटल मास्टर, टर्मिनेटर, फॅमिकॉमची नक्कल केलेली यंत्रं आणि त्यांच्या फुंकर मारून लावायच्या कॅसेट. वर लिहिलेलं नऊशे नव्याण्णव हजार इन वन, आत मोजके गेम, तेच तेच वेगळ्या नावानं आणि वेगळ्या स्टेजपासून सुरू होणारे. भावाला एनईएसचे सातशे गेम दाखवलेत तर तो दोन मिनिटं स्क्रोल करून कंट्रोलर खाली ठेवेल. त्याला त्या कॅसेटचा मेनू द्या. मारिओ, कॉन्ट्रा, टँक, सर्कस, 'रोड फायटर', 'एक्साइटबाइक', 'गॅलागा', 'अ‍ॅडव्हेंचर आयलंड', 'बॉम्बरमॅन', 'लोड रनर', 'मॅपी'. माझी यादी बावीस गेमची आहे आणि त्यापुढे मी ती वाढू देत नाही. एक यादी दोन पडद्यांत मावली पाहिजे. तिसऱ्यांदा खाली सरकावं लागलं की माणूस निवडायचं सोडून बघतच बसतो.

'डक हंट' मी तिथे ठेवत नाही, फार मागणी असूनही. त्याची बंदूक जुन्या काचेच्या टीव्हीवर प्रकाश कसा उमटतो त्यावर चालायची, आजच्या सपाट टीव्हीवर ती चालत नाही. एम्युलेटरमध्ये माउसनं नेम धरता येतो, पण सोफ्यावर बसलेल्या माणसाच्या हातात माउस नसतो. यादीतल्या प्रत्येक गेमला हीच कसोटी लावा: या खोलीत, या कंट्रोलरवर तो उठून काही न बदलता चालतो का?

कॅसेटचा क्रमही तुमच्या आठवणीतला ठेवता येतो. एरवी कलेक्शन अकारविल्हे लागतं, म्हणजे अ‍ॅडव्हेंचर आयलंड वर आणि मारिओ तळाला. कलेक्शनच्या आत असताना मेटाडेटा एडिटर उघडलात तर कस्टम कलेक्शनसाठीचं सॉर्टनेम अशी एक ओळ दिसते. तिथे शून्य एक, शून्य दोन असे आकडे टाका. एका गेमला हे एकच सॉर्टनेम मिळतं, त्यामुळे तोच गेम दुसऱ्या कलेक्शनमध्ये असेल तर तिथेही तो आकडा लागू होतो. मी म्हणून हा प्रकार फक्त कॅसेटसाठी वापरतो आणि कॉन्ट्रा 'दोघं मिळून'मध्ये वर चढतो ते चालवून घेतो.

बाकीची माझी कलेक्शन लहान आहेत. 'दहा मिनिटं' यात कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत संपणारे गेम. 'चालू' यात सध्या अर्ध्यात असलेले, जास्तीत जास्त पाच. सहावा घालायचा तर एक संपवायचा किंवा सोडून द्यायचा. मुलांची प्रत्येकी एक यादी, आणि ती त्यांनीच भरायची. तुम्ही भरलेली यादी मुलं उघडत नाहीत, स्वतः भरलेली रोज उघडतात.

आता हातानं काय करायचं ते. स्टार्ट दाबा, मुख्य मेनूत गेम कलेक्शन सेटिंग्ज, तिथे नवीन कस्टम कलेक्शन तयार करा. नाव मी साध्या इंग्रजी अक्षरांत टाइप करतो, फाइलचं नाव त्यावरूनच बनतं. नाव दिलं की फ्रंटएंड त्या कलेक्शनच्या एडिट मोडमध्ये जातो. आता कोणत्याही सिस्टममध्ये फिरा आणि गेमवर वाय दाबा: आत गेला. परत वाय: बाहेर आला. कलेक्शनमधून काढायची हीच ती रीत, फाइलीला धक्का लागत नाही. आत असलेल्या गेमच्या नावाआधी बरोबरची खूण दिसते.

एडिट मोड गेम खेळून आल्यावरही चालूच राहतो, आणि याचा मी पुरेपूर उपयोग करतो. गेम उघडा, दोन मिनिटं खेळा, दुसरा कंट्रोलर चालतो का बघा, आवाज फाटतो का ऐका, बाहेर या आणि मगच वाय दाबा. न खेळता कव्हर पाहून भरलेल्या यादीत पाच-सहा बंद पडणारे गेम हमखास शिरतात आणि ते पाहुण्यांसमोरच बंद पडतात. संध्याकाळी वीस गेम, एवढाच वेग ठेवा. काम झालं की त्याच मेनूत जाऊन एडिटिंग संपवा. ते विसरलात तर चार दिवसांनी कुणीतरी आवडता गेम म्हणून वाय दाबतो आणि तो फेव्हरिट होण्याऐवजी तुमच्या कॅसेटमध्ये जाऊन बसतो, कारण एरवी तेच बटण फेव्हरिटचं आहे.

कलेक्शन पडद्यावर कुठे दिसावीत, त्यासाठी तिथेच गट करण्याचा पर्याय आहे. गट केलात तर सगळी एका 'कलेक्शन्स' नावाखाली जातात, नाही केलात तर प्रत्येक कलेक्शन सिस्टमांच्या रांगेत स्वतंत्र उभं राहतं. तुमच्या घरी गट नको. मुलांना आणि भावाला एनईएस, मेगाड्राइव्ह, सीपीएस हे शब्द ओलांडून यावंच लागू नये. यूआय सेटिंग्जमध्ये सुरू होताच कोणती यादी उघडावी हेही ठरवता येतं; दिवाळीपुरतं ते 'कॅसेट'वर ठेवा.

एक गोष्ट कलेक्शन करू शकत नाही: एम्युलेटरच्या सेटिंग साठवणं. भाऊ म्हणेल की लहानपणी गेम एवढा पळत नव्हता. तो खोटं बोलत नसेल. पाल (आपल्याकडच्या पन्नास हर्ट्झच्या पद्धतीच्या) टीव्हीसाठी बनलेली ती नकली यंत्रं सहसा पन्नास हर्ट्झवर चालायची, मूळ गेम साठचे. रेट्रोआर्क या एम्युलेटर प्रोग्रामच्या एफसीईयूएमएम कोअरमध्ये (एनईएसचे गेम चालवणारा त्याचा भाग) रीजन या पर्यायात डेंडी असं एक नाव आहे, रशियात विकल्या गेलेल्या अशाच यंत्रावरून पडलेलं. ते लावून बघा, वेग ओळखीचा वाटेल. ही सेटिंग गेमपुरती किंवा फोल्डरपुरती साठवता येते, कलेक्शनपुरती नाही. एकाच गेमच्या दोन प्रती फोल्डरमध्ये ठेवून यादी भरू नका, तीन-चार गेमना गेमपुरती सेटिंग द्या, पुरे.

सगळं लागलं की कलेक्शन्स आणि गेमलिस्ट्स हे दोन फोल्डर पेनड्राइव्हवर घ्या. रॉम परत काढता येतात, चित्रं परत उतरतात; या दोन फोल्डरांत तुमची मेहनत आहे आणि त्यांचं वजन एखाद्या फोटोपेक्षा फारसं जास्त नसतं.

आणि दिवाळीच्या आदल्या दिवशी यूआय मोड किऑस्क करून ठेवा. त्यात गेम खेळता येतात, पण मेटाडेटा एडिटर आणि त्याबरोबर ते डिलीटचं बटण दिसेनासं होतं. आठ वर्षांच्या मुलासाठी त्याहून आवळलेला किड मोड आहे. त्यात फक्त तुम्ही किडगेम अशी खूण केलेले गेम दिसतात, म्हणून खुणा आधी करून घ्या, नाहीतर पडदा ओकाबोका दिसेल. परत पूर्ण मोडमध्ये यायचा कोड कंट्रोलरवरूनच द्यायचा असतो: वर, वर, खाली, खाली, डावं, उजवं, डावं, उजवं, बी, ए. कॉन्ट्रात तीस लाइफ मिळवायला हाच कोड असायचा, त्यामुळे भावाच्या बोटांना तो अजून पाठ असण्याची दाट शक्यता आहे. तसं असेल तर सेटिंग्जच्या एक्सएमएल फाइलीत यूआय मोडच्या पासकीची ओळ आहे, तिथे दुसरा क्रम लिहा, फ्रंटएंड बंद असतानाच, आणि कागदावर टिपून टीव्हीच्या मागे चिकटवा.